रिकर्शन लिहिण्याआधी खोली मोजा: स्टॅक ओव्हरफ्लो कसा टाळायचा

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर सुरू झालं की रिकर्शनशी, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या फंक्शनशी, गाठ पडतेच. फॅक्टोरियल चालतो, टॉवर ऑफ हनोई चालतो, दहा-बारा गाठींचं (नोडचं) झाड (ट्री) व्यवस्थित प्रिंट होतं. लॅबमधला डेटा लहान असतो, त्यामुळे सबमिशनपर्यंत काही बिघडत नाही. मग मिनी प्रोजेक्टमध्ये खरा डेटा येतो आणि कालपर्यंत नीट चालणारा तोच कोड कोसळतो. अशा वेळी बहुतेक जण नेटवर शोधतात, रिकर्शनच्या खोलीची लिमिट वाढवायची एक ओळ सापडते, ती वर चिकटवतात आणि पुढे जातात. हा लेख त्या ओळीपर्यंत जाण्याआधी करायच्या गोष्टींबद्दल आहे. त्या नीट केल्या तर त्या ओळीची गरज सहसा पडत नाही.

लेखातला कोड मी मराठीत लिहिला आहे. पायथन, जावा, सी++, ज्या भाषेत तुमचा हात बसलाय तिच्यात तो स्वतः उतरवा. निम्मं शिकणं त्या उतरवण्यात आहे.

आधी एरर ओळखा

स्टॅक ओव्हरफ्लो झाला हे प्रत्येक भाषा वेगळ्या तऱ्हेने सांगते. पायथन 'रिकर्शनएरर' देतं आणि कमाल खोली ओलांडली असं स्पष्ट म्हणतं. जावा 'स्टॅकओव्हरफ्लोएरर' देतं आणि खाली एकाच फंक्शनचं नाव शेकडो वेळा छापतं. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट कॉल स्टॅकची मर्यादा संपल्याचं सांगते. सी आणि सी++ मात्र काहीच समजावत नाहीत. लिनक्सवर नुसतं 'सेगमेंटेशन फॉल्ट' दिसतं आणि प्रोग्राम बंद पडतो. चुकीचा पॉइंटर वापरला तरी हेच दिसतं, म्हणून सी शिकणारे बिचारे पॉइंटर तपासत बसतात. डीबगरमध्ये चालवून कॉलची यादी मागवा. एकच फंक्शन हजारो ओळी भरून दिसत असेल तर दुखणं रिकर्शनचं आहे.

स्टॅकमध्ये नेमकं काय साठतं

सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत तुम्ही वाचायला बसलाय असं समजा. पुस्तक वाचताना एक संदर्भ आला, तो कळल्याशिवाय पुढे जाता येईना. मग ते पुस्तक उघडंच ठेवून तुम्ही दुसरं उघडलं. दुसऱ्यात तिसऱ्याचा संदर्भ निघाला. प्रत्येक पुस्तक तिथेच उघडं राहतं, कारण परत यायचंय आणि कुठल्या ओळीवर होतो तेही लक्षात ठेवायचंय. अभ्यासिकेतलं टेबल केवढं असतं, ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

फंक्शनने दुसऱ्या फंक्शनला कॉल केला की पहिल्याचं काम अर्धवट राहतं. परत कुठे यायचं तो पत्ता, त्याची लोकल व्हेरिएबल्स, त्याला दिलेली आर्ग्युमेंट्स, हे सगळं एका कप्प्यात जपून ठेवावं लागतं. या कप्प्याला स्टॅक फ्रेम म्हणतात, आणि एकावर एक रचलेल्या अशा कप्प्यांना स्टॅक. फंक्शन संपलं की कप्पा मोकळा होतो. रिकर्शनमध्ये आतलं फंक्शन संपेपर्यंत बाहेरचं एकही संपत नाही, म्हणून कप्पे साचत जातात.

हे नेहमीच असं नव्हतं. सुरुवातीच्या फोरट्रानमध्ये रिकर्शनची सोयच नव्हती. सबरुटीनने कुठे परतायचं तो पत्ता एका ठरलेल्या जागी ठेवायची पद्धत होती, त्यामुळे स्वतःलाच पुन्हा बोलावलं तर आधीचा पत्ता पुसला जाई. १९६० च्या सुमारास अल्गोल आणि लिस्प या भाषांनी रिकर्शनला मान दिला, आणि त्याच वर्षी एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी स्टॅक वापरून ते कसं राबवायचं यावर शोधनिबंध लिहिला. फोरट्रानच्या मानकात रिकर्शन अधिकृतपणे यायला १९९० ची आवृत्ती उजाडली. मला हा इतिहास शिकवताना सांगावासा वाटतो, कारण स्टॅक ही निसर्गतः मिळालेली गोष्ट नाही, कुणीतरी विचार करून बांधलेली सोय आहे, आणि तिला माप आहे, हे त्यातून चटकन कळतं.

ते माप असं. लिनक्सवर मुख्य थ्रेडला सहसा ८ एमबी स्टॅक मिळतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बनवलेल्या प्रोग्रामला १ एमबी. ६४ बिट लिनक्सवर जावाच्या थ्रेडलाही साधारण १ एमबी. पायथन स्टॅक भरण्याची वाट न पाहता स्वतःची मोजणी ठेवतं आणि एकात एक १००० कॉल झाले की थांबवतं. गो ही भाषा वेगळ्या वाटेने जाते. तिथे गोरुटीनचा (गोमधल्या हलक्या थ्रेडचा) स्टॅक २ केबीपासून सुरू होतो आणि लागेल तसा वाढतो, ६४ बिट मशीनवर १ जीबीपर्यंत.

आता साधा भागाकार करा. फ्रेम १०० बाइटची असेल तर ८ एमबीत सुमारे ८० हजार फ्रेम मावतील. त्याच फंक्शनमध्ये तुम्ही १००० पूर्णांकांचा लोकल ॲरे घेतला तर प्रत्येक फ्रेम ४००० बाइटांच्या वर जाते आणि जेमतेम २००० फ्रेम मावतात. रिकर्सिव्ह फंक्शनमध्ये मोठा लोकल ॲरे घेऊ नका, तो बाहेर एकदाच तयार करून आत पाठवा, ही सूचना मी इतक्या आग्रहाने करतो ती या हिशेबामुळे. विंडोजवर हाच आकडा आणखी आठपट कमी होतो. "माझ्या लॅपटॉपवर चालतं, लॅबच्या पीसीवर चालत नाही" या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं.

पहिली तपासणी: रिकर्शन कधी थांबतं का?

स्टॅक दोन कारणांनी भरतो. एक, रिकर्शन कधीच थांबत नाही. दोन, थांबलं असतं, पण फार खोल गेल्यावर. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी हे ठरवा. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत आर्ग्युमेंट्स आणि खोली छापा आणि शेवटच्या वीसेक ओळी बघा. आर्ग्युमेंट्स तीच तीच फिरून येत असतील किंवा भलत्याच दिशेने पळत असतील तर बेस केस, म्हणजे रिकर्शन थांबवणारी अट, चुकलाय. ती नीट शेवटाकडे सरकत असतील आणि मध्येच दम तुटला असेल तर खोली जास्त आहे.

बेस केस "लिहिलाय" एवढ्यावर समाधान मानू नका. तो लिहिलेला असतो, पण गाठलाच जात नाही. 'न' या संख्येतून दरवेळी २ वजा करता आणि 'न' शून्य झाला की थांबता, पण 'न' विषम आला तर? १ वरून थेट -१ वर उडी पडते आणि शून्य कधी येतच नाही. दशांशांत आणखी वाईट. १ मधून ०.१ दहा वेळा वजा केलं तर कॉम्प्युटरच्या बायनरी हिशेबात उत्तर बरोबर शून्य येत नाही, किंचित इकडेतिकडे राहतं. म्हणून बेस केसमध्ये "बरोबर शून्य" न विचारता "शून्य किंवा त्याहून कमी" विचारा.

बायनरी सर्चमधली चूक जास्त छुपी असते. खाल = ४, वर = ५ असेल तर मध्य ४ येतो. आता उजव्या भागात शोधताना तुम्ही (मध्य, वर) पाठवलं तर पुन्हा (४, ५) गेलं. भाग लहान झालाच नाही. तिथे (मध्य + १, वर) हवं. दर कॉलला प्रश्न निदान एकाने लहान झालाय का, हे कागदावर दोन आकड्यांच्या सगळ्यात छोट्या उदाहरणात तपासून पाहायची सवय लावा.

ग्राफ असेल तर गोल फिरणं आलंच. शहराच्या रस्त्यांचा नकाशा घ्या. स्वारगेटहून टिळक रोडने अलका चौक, तिथून परत स्वारगेट. भेट दिलेल्या चौकांची नोंद ठेवली नाही तर प्रोग्राम या दोन चौकांमध्ये स्टॅक संपेपर्यंत येरझाऱ्या घालत राहील. ही नोंद चौकात शिरताक्षणी करायची, शेजाऱ्यांकडे जाऊन आल्यावर नाही.

मग खोली मोजा, कॉलची संख्या नव्हे

माझ्या मते संपूर्ण विषयाचं मर्म इथे आहे. स्टॅकला एकूण किती कॉल झाले याच्याशी देणंघेणं नसतं. एका क्षणी किती कॉल अर्धवट उभे आहेत, तेवढंच त्याला महत्त्वाचं. याला खोली म्हणू.

टॉवर ऑफ हनोई २० चकत्यांनी खेळला तर १०,४८,५७५ हालचाली होतात, पण खोली २० च्या पुढे जात नाही. साध्या रिकर्शनने फिबोनाची ४० काढलात तर ३३ कोटींहून जास्त कॉल होतात, मशीन बराच वेळ घुमत राहतं, तरी स्टॅकवर एका वेळी चाळीसच्या आसपासच फ्रेम असतात. तो कोड हळू आहे, पण स्टॅक फोडणारा नाही. उलट एक लाख आकड्यांच्या यादीची "पहिला आकडा अधिक उरलेल्यांची बेरीज" अशी रिकर्सिव्ह बेरीज एक लाखच कॉल करते, पण ते सगळे एकाच वेळी उभे असतात. पायथनमध्ये ती हजाराच्या आसपास पडेल.

खोली ठरते डेटाच्या आकारावरून. पेशव्यांची वंशावळ झाड म्हणून साठवलीत तर बाळाजी विश्वनाथ, थोरले बाजीराव, नानासाहेब, नारायणराव, सवाई माधवराव अशी सरळ रेघ धरली तरी पाच पिढ्या होतात. भावंडं, चुलत भावंडं धरून नावं कितीही वाढली तरी खोली पिढ्यांपुरतीच राहते. फोल्डरमधले फोल्डर, कंपनीतली हुद्द्यांची उतरंड, वेबपानाची रचना, सगळ्यांची हीच तऱ्हा. इथे रिकर्शन बिनधास्त लिहा. ते वाचायला सोपं असतं आणि त्याचं लूप करून कोड किचकट करण्यात काही अर्थ नाही.

दर कॉलला डेटा निम्मा होत असेल तरीही निश्चिंत राहा. दहा लाख नोंदींत बायनरी सर्चची खोली २० असते. मर्ज सॉर्टचीही तेवढीच.

धोका आहे तो खोली डेटाच्या संख्येइतकी वाढते तिथे. लिंक्ड लिस्टवर रिकर्शन, एकामागे एक अशी साखळी, मोकळ्या मैदानासारखा ग्रिड. आणि एक फसवा प्रकार: बायनरी सर्च ट्री. नाव ट्री असलं तरी त्यात वर्गाचे रोल नंबर १, २, ३ अशा चढत्या क्रमाने घातले तर प्रत्येक नवी गाठ उजवीकडेच लटकते आणि झाडाची सरळ साखळी होते. कॉलेजच्या यादीतून डेटा उचलला की तो नेमका क्रमाने लावलेलाच असतो! हजारावर नोंदी घातल्या की पायथनमधलं रिकर्सिव्ह इन्सर्टच एरर देतं. डेटा आधी पिसून घ्या, किंवा एव्हीएल, रेड-ब्लॅक यांसारखं स्वतःचा तोल सांभाळणारं झाड वापरा.

एक पूर्ण उदाहरण: नदीचं पाणी कुठवर येईल

खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की मुठेचं पाणी चढतं आणि बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुण्यात दर पावसाळ्याला ऐकू येतं. यावर मिनी प्रोजेक्ट करायचा मोह साहजिक आहे. जमिनीच्या उंचीचा ग्रिड घ्यायचा, पाण्याची पातळी ठरवायची आणि नदीपात्रातल्या एका चौकटीपासून सुरुवात करून जोडलेल्या सगळ्या सखल चौकटी भिजवत जायच्या. खऱ्या पुराच्या अभ्यासाला प्रवाहाचा वेग, उतार, वेळ असं बरंच काही लागतं. हा केवळ फ्लड फिल आहे, पण शिकायला उत्तम.

पहिला प्रयत्न बहुधा असा असतो:

पाणी_पसरव(ओळ, स्तंभ):
    जर चौकट नकाशाबाहेर असेल: परत फिर
    जर भिजलेली[ओळ][स्तंभ] असेल: परत फिर
    जर उंची[ओळ][स्तंभ] > पातळी: परत फिर
    भिजलेली[ओळ][स्तंभ] = हो
    पाणी_पसरव(ओळ, स्तंभ + १)
    पाणी_पसरव(ओळ, स्तंभ - १)
    पाणी_पसरव(ओळ + १, स्तंभ)
    पाणी_पसरव(ओळ - १, स्तंभ)

तर्कात काहीही चूक नाही. १० बाय १० च्या ग्रिडवर सुंदर चालतो. आता १० किलोमीटर बाय १० किलोमीटरचा भाग १० मीटरच्या चौकटींत मांडा. १००० गुणिले १०००, म्हणजे दहा लाख चौकटी. सगळा भाग सखल आहे आणि सुरुवात वरच्या डाव्या कोपऱ्यातून आहे असं धरून हा कोड बोटाने चालवून पाहा. उजवीकडे जात जात ओळीच्या टोकाला पोचतो. तिथून उजवीकडे वाट नाही, डावीकडची चौकट भिजलेली आहे, म्हणून एक ओळ खाली. मग डावीकडे सरकत सरकत पहिल्या स्तंभापर्यंत. पुन्हा खाली. असा नागमोडी जात शेवटच्या चौकटीपर्यंत पोचेस्तोवर एकही कॉल पूर्ण होत नाही. खोली दहा लाख! कुठल्याही नेहमीच्या स्टॅकला हे झेपणार नाही.

उपाय असा की जी आठवण आपण मशीनच्या स्टॅकवर सोपवली होती ती स्वतः ठेवायची. एक साधी यादी घ्यायची आणि तिलाच स्टॅक म्हणून वापरायचं:

पाणी_पसरव(सुरुवात):
    स्टॅक = [सुरुवात]
    सुरुवातीवर "भिजली" अशी खूण कर
    जोवर स्टॅक रिकामा नाही:
        चौकट = स्टॅकच्या टोकावरून काढ
        चौकटीच्या चारही शेजाऱ्यांसाठी:
            जर शेजारी नकाशात, कोरडा आणि पातळीइतका किंवा त्याखाली असेल:
                शेजाऱ्यावर "भिजला" अशी खूण कर
                शेजारी स्टॅकवर ठेव

ही यादी हीपमध्ये, म्हणजे मेमरीच्या स्टॅकबाहेरच्या भागात, राहते, आणि हीपला काही एमबींची मर्यादा नसते, मशीनच्या रॅमची असते. शिवाय यादीत आपण दोन आकडेच ठेवतो, अख्खी फ्रेम नाही. दहा लाख चौकटी साधा लॅपटॉप सहज पेलतो.

इथे एका बारकाव्याकडे लक्ष द्या. खूण चौकट स्टॅकवर ठेवतानाच केली आहे, काढताना नाही. काढताना केलीत तर उत्तर बरोबर येईल, पण एकच चौकट वेगवेगळ्या शेजाऱ्यांकडून अनेकदा स्टॅकवर चढेल आणि यादी उगाच फुगेल.

आणखी एक गंमत. यादीच्या टोकावरून काढण्याऐवजी सुरुवातीकडून काढलं, म्हणजे स्टॅकऐवजी क्यू वापरली, तर चौकटी सुरुवातीपासूनच्या अंतराच्या क्रमाने भिजतात. नदीकाठ आधी, मग त्यामागची गल्ली, मग त्यापुढची. पाणी पसरताना स्क्रीनवर दाखवायचं असेल तर हेच जास्त खरं दिसतं. पायथनमध्ये क्यूसाठी साधी लिस्ट न वापरता डेक वापरा, कारण लिस्टच्या सुरुवातीचा घटक काढला की मागचे सगळे एकेक जागा सरकवावे लागतात.

परत येताना काम उरलं असेल तर

वरच्या उदाहरणात पुढे जाण्याआधीच काम संपत होतं. झाडाची उंची काढायची असेल तर तसं नाही. आधी सगळ्या मुलांची उंची कळायला हवी, मग बापाची. नवशिके नेमके इथे अडकतात आणि "हे लूपने होतच नाही" असं ठरवून मोकळे होतात. होतं. प्रत्येक गाठ स्टॅकवर दोनदा ठेवायची, एकदा उघडण्यासाठी आणि एकदा आवरण्यासाठी:

स्टॅक = [(मूळ, "उघड")]
जोवर स्टॅक रिकामा नाही:
    (गाठ, काम) = टोकावरून काढ
    जर काम "उघड" असेल:
        (गाठ, "आवर") स्टॅकवर ठेव
        प्रत्येक मुलासाठी: (मूल, "उघड") स्टॅकवर ठेव
    नाहीतर:
        उंची[गाठ] = १ + मुलांच्या उंचींतली सर्वांत मोठी, मूल नसेल तर ०

"आवर" ची चिठ्ठी मुलांच्या खाली दबलेली असते, म्हणून ती हातात येईपर्यंत सगळी मुलं आवरून झालेली असतात. पाच गाठींचं झाड काढा आणि स्टॅक प्रत्येक फेरीला कसा दिसतो ते वहीत लिहा. एकदा हाताने केलं की ही युक्ती विसरत नाही. फोल्डरचा एकूण आकार, गणिती सूत्राची किंमत, कुठलं काम आधी कुठलं नंतर याचा क्रम, सगळं याच सांगाड्यात बसतं.

जिथे स्वतःचा स्टॅकही लागत नाही

फंक्शन स्वतःला एकदाच बोलावत असेल तर आधी साधं लूप होतंय का बघा. बेरीज, फॅक्टोरियल, लिंक्ड लिस्ट उलटी करणं, मसावि काढणं यांना लूप पुरतं.

सीनियर लोक इथे टेल कॉलचं नाव घेतात. फंक्शनचं अगदी शेवटचं काम म्हणजे स्वतःला केलेला कॉल असेल, त्याच्या उत्तरावर पुढे काहीच करायचं नसेल, तर जुनी फ्रेम ठेवायचं कारण उरत नाही आणि कंपायलर त्याचं लूप करू शकतो. स्कीम भाषेत याची हमी आहे. स्काला आणि कोटलिनमध्ये फंक्शनवर तशी खूण करता येते. जीसीसी आणि क्लँग ऑप्टिमायझेशन चालू असताना पुष्कळदा करतात, पण डीबग बिल्डमध्ये नाही, म्हणजे तपासताना कोसळणारा कोड रिलीजमध्ये चालतो. पायथन आणि जावा हे करत नाहीत. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या मानकात ते आहे, पण मोठ्या ब्राउझरांत ते सफारीपुरतंच राहिलं. तेव्हा तुमची भाषा लेखी हमी देत नसेल तर यावर विसंबू नका, लूप लिहा.

काही वेळा रिकर्शन ठेवूनच खोली कमी करता येते. लाख आकड्यांची बेरीज "पहिला अधिक उरलेले" अशी न करता "डावा अर्धा अधिक उजवा अर्धा" अशी करा. खोली लाखावरून १७ वर येते. क्विकसॉर्टमध्ये लहान भागासाठी रिकर्शन आणि मोठ्या भागासाठी लूप अशी वाटणी करा:

क्रम_लाव(डावा, उजवा):
    जोवर डावा < उजवा:
        म = विभागणी(डावा, उजवा)
        जर म च्या डावीकडचा भाग लहान असेल:
            क्रम_लाव(डावा, म - १)
            डावा = म + १
        नाहीतर:
            क्रम_लाव(म + १, उजवा)
            उजवा = म - १

लहान भाग कधीच निम्म्याहून मोठा नसतो, म्हणून दहा लाख आकड्यांनाही खोली २० च्या आत राहते. आधीच क्रमाने लावलेला डेटा आणि पिव्हट (ज्या आकड्याभोवती विभागणी होते तो) म्हणून नेहमी पहिलाच आकडा, अशी जोडी जमली तर वेळ मात्र तरीही फार लागेल. त्यासाठी पिव्हट रँडम निवडा. स्टॅक आणि वेळ ही दोन वेगळी दुखणी आहेत.

डायनॅमिक प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांसाठी एक सूचना. मेमोमुळे कॉलची संख्या कमी होते, खोली कमी होत नाही. फिबोनाची एक लाखावा मेमो लावून काढायला गेलात तरी पहिलीच उडी एक लाखावरून १ पर्यंत उतरते आणि उत्तरं जतन व्हायला सुरुवात होण्याआधीच स्टॅक संपतो. खालून वर टेबल भरत या.

लिमिट वाढवायची वेळ आली तर

कधीकधी ती योग्यही असते. कोडिंग स्पर्धेत वेळ कमी असतो, इनपुटची कमाल मर्यादा प्रश्नातच दिलेली असते आणि खोली त्यामुळे आधीच कळते. अशा वेळी वाढवा, पण पूर्ण वाढवा. पायथनमध्ये नुसती रिकर्शनची मर्यादा दहा लाख केली तर जुन्या आवृत्त्यांत मोजणी पुढे जाते पण खालचा खरा स्टॅक ८ एमबीचाच राहतो, आणि नीट एररऐवजी अख्खा प्रोग्राम उडतो. म्हणून मोठा स्टॅक देऊन वेगळा थ्रेड सुरू करायचा आणि काम त्यात चालवायचं. ३.११ पासून पायथनच्या फंक्शनने पायथनच्याच फंक्शनला केलेला साधा कॉल सी-स्टॅक खात नाही, त्यामुळे हा त्रास बराच घटलाय. पण तुमचा जज (स्पर्धेतला कोड तपासणारा प्रोग्राम) कुठली आवृत्ती चालवतो ते आधी पाहा. जावात थ्रेड तयार करतानाच स्टॅकचा आकार देता येतो. लिनक्सवर टर्मिनलमधून युलिमिट वापरून तो बदलता येतो, पण तो बदल तुमच्या मशीनपुरता असतो. कोड दुसऱ्याकडे गेला की सोबत जात नाही.

सर्व्हरवर चालणाऱ्या आणि बाहेरून डेटा घेणाऱ्या कोडमध्ये लिमिट वाढवू नका. तिथे उलट स्वतःची मर्यादा घाला. कुणी मुद्दाम लाखभर उघडे कंस एकात एक घालून जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) पाठवलं तर रिकर्सिव्ह पार्सर कोसळतो आणि त्याच्यासोबत इतर सगळ्यांची सेवाही. म्हणून पीएचपीचं जेसन वाचणारं फंक्शन मूळच्या सेटिंगमध्ये ५१२ पातळ्यांच्या पुढे जात नाही. तुमच्या फंक्शनलाही खोलीचं एक जादा आर्ग्युमेंट द्या, दर कॉलला एकाने वाढवा, आणि ठरलेल्या आकड्यापुढे गेलं की "डेटा अपेक्षेपेक्षा खोल आहे" असा स्वच्छ एरर द्या. रात्री अडीचला लॉग वाचणाऱ्याला तो कळेल, सेगमेंटेशन फॉल्ट कळणार नाही.

टेस्ट कशाने करायची

रँडम डेटाने टेस्ट केली तर झाडं बऱ्यापैकी पसरट होतात, क्विकसॉर्ट सुरळीत चालतो आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून सर्वांत वाईट आकार मुद्दाम तयार करा. सर्च ट्रीला १ ते १,००,००० चढत्या क्रमाने. सॉर्टला आधीच लावलेली यादी, उलटी यादी आणि सगळे आकडे सारखे असलेली यादी. ग्राफला एक लाख गाठींची सरळ साखळी. फ्लड फिलला एकही उंचवटा नसलेला १००० बाय १००० चा ग्रिड. त्यात रिकामी यादी, एकच घटक आणि ऋण संख्या यांची भर घाला, बेस केस तिथेच उघडा पडतो. आणि हे सगळं विंडोजच्या मशीनवरही एकदा चालवा, कारण १ एमबीत टिकलेला कोड ८ एमबीत टिकणारच.